लॅपटॉप चालूच होत नाही? रिपेअरला नेण्याआधी हे करून बघा

महिन्याची १९ तारीख. उद्या जीएसटीआर-३बी भरायचाय आणि लॅपटॉपचं बटण दाबलं तर काहीच नाही. ना लाइट, ना पंख्याचा आवाज. रिपेअरवाला फोनवरच म्हणतो, "मदरबोर्ड गेला असणार." असेलही. पण आधी दहा मिनिटं स्वतः द्या.

त्याच सॉकेटला मोबाइल लावून बघा. वीज येतेय? मग अ‍ॅडॉप्टरच्या डब्यात घुसणारी वायर काढून पुन्हा घट्ट बसवा. हसू नका, ती खरंच सैल होते. दुसऱ्याचा चार्जर लावून बघायचा तर पिन आणि व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात.

तरी नाही? चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. आत साठलेला चार्ज निघून जातो. आता फक्त चार्जर लावून चालू करा. बरेच लॅपटॉप इथेच जागे होतात. मात्र टचपॅड वर आलेला दिसला, तर बॅटरी फुगलीय. चार्जिंगला अजिबात लावू नका.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी? मग तो 'डेड' नाही. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. तिथे चित्र आलं तर बिघाड स्क्रीनच्या बाजूला आहे. रिपेअरवाल्याला हे सांगा, म्हणजे तो उगाच मदरबोर्डचं बिल लावणार नाही.

आता खरी काळजी, टॅलीच्या डेटाची. तो डिस्कवर असतो, मदरबोर्ड गेला तरी बहुतेक वेळा शाबूत राहतो. डिस्क निघणारी असेल तर यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचता येते. बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते, ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडेल. काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र स्टोरेज बोर्डलाच चिकटवलेलं असतं, तिथे बॅकअप नसेल तर अवघड आहे. रिपेअरला देताना 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असं पावतीवर लिहून घ्याच.

आणि रिटर्न? त्यासाठी लॅपटॉपची वाट बघू नका, उशीर झाला तर रोज ५० रुपये लेट फी आहे. पोर्टल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतं, प्रोप्रायटरला मोबाइलच्या ओटीपीवर फाइल करता येतं. जीएसटीआर-१ भरलेला असेल तर ३बीमध्ये विक्रीचे आकडे आपोआप आलेले दिसतील. तपासा, चलन भरा आणि सबमिट करा.