परार्धातली एक

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं एकापासून सुरू होतात आणि परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. जुन्या पिढीनं शाळेत ही माळ घोकली, पण अब्जाच्या पुढची नावं वापरायची वेळ फारशी कुणावर आली नाही. खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य. एवढं मोजण्यासारखं असतं तरी काय? असतं, आणि ते आपल्या कातडीच्या आतच असतं. रोगजंतू ओळखणारी जी यंत्रणा आपण जन्मापासून बाळगतो, तिचा हिशेब मांडायला बसलं की ही नावं लागतात आणि एका ठिकाणी परार्धही अपुरा पडतो.

सुरुवात महापद्मापासून करू. एकावर बारा शून्यं, म्हणजे एक लाख कोटी. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या रॉन मिलो यांच्या गटानं २०२३ साली माणसाच्या प्रतिकारपेशींची शिरगणती प्रसिद्ध केली. ७३ किलो वजनाच्या पुरुषात १.८ महापद्म पेशी, बाईत दीड महापद्म, दहा वर्षांच्या मुलात एक महापद्म. पृथ्वीवरच्या माणसांच्या सव्वादोनशे पट पेशी एका पुरुषाच्या अंगात, आणि सगळ्या मिळून वजन फक्त १.२ किलो. शरीरात हृदय किंवा यकृत बोट ठेवून दाखवता येतं, तसं हे दाखवता येत नाही. या पेशी रक्तात, अस्थिमज्जेत, प्लीहेत, आतड्याच्या अस्तरात, कातडीखाली पसरलेल्या असतात.

यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अस्थिमज्जा रोज सुमारे एक निखर्व बनवते, म्हणजे दहा हजार कोटी. सेकंदाला साडेअकरा लाख. रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून हा कारखाना एक दिवसही बंद ठेवता येत नाही. कर्करोगाच्या केमोथेरपीत तो काही दिवस मंदावतो, आणि तेवढ्यात रुग्णाला साध्या जंतूंपासूनही जपावं लागतं, ते यासाठीच.

न्यूट्रोफिलना आणि त्यांच्या जोडीच्या मॅक्रोफेजना परका कसा कळतो? जिवाणूच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, त्याच्या शेपटीचं प्रथिन, असे काही घटक आपल्या शरीरात कधी बनतच नाहीत. ते चाचपणारे ग्राहक या पेशींवर असतात. त्यांतल्या ‘टोल’ नावाच्या कुळाचा शोध लावण्याबद्दल ज्यूल हॉफमन आणि ब्रूस बॉइटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. माणसात या कुळातले ग्राहक आहेत फक्त दहा. तुमचे, माझे, सगळ्यांचे तेच.

दहा ही संख्या लहान वाटेल, पण त्यांची घाई समजून घ्यायला हवी. ई. कोलाय हा जिवाणू प्रयोगशाळेत, पोटभर अन्न मिळालं तर, वीस मिनिटांत दुप्पट होतो. चोवीस तासांत ७२ दुप्पटी. कागदावर एकाचे सत्तेचाळीस हजार परार्ध होतात. प्रत्यक्षात असं कुठेच घडत नाही, अन्न आधी संपतं. पण जखमेत शिरलेल्या जिवाणूला पहिल्या काही तासांतच कुणीतरी आडवं यावं लागतं, हे या गुणाकारावरून कळतं. ते काम या दहा ग्राहकांच्या भरवशावर होतं.

त्यांची मर्यादाही तितकीच ठळक आहे. जिवाणू आला, विषाणू आला एवढं त्यांना कळतं. गेल्या वर्षीचा फ्लू कोणता आणि यंदाचा कोणता, हे कळत नाही. तो नेमकेपणा बी आणि टी नावाच्या पांढऱ्या पेशींकडे आहे, आणि मोठ्या संख्या तिथूनच सुरू होतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्ल लँडस्टायनर यांनी काही रसायनं प्रयोगशाळेत बनवली, प्रथिनांना जोडली आणि सशांना टोचली. निसर्गात ही रसायनं कधी नव्हतीच. कुठल्याही सशाच्या कुठल्याही पूर्वजाची त्यांच्याशी गाठ पडलेली असणं शक्य नव्हतं. तरी सशांनी त्यांच्याविरुद्ध नेमके प्रतिपिंड (बी पेशींकडून बनणारी, परक्याला चिकटणारी प्रथिनं) बनवले. मग शरीराजवळ शत्रूंची यादी कुठून आली? लायनस पॉलिंग यांना १९४० मध्ये वाटलं की प्रतिपिंड परक्याच्या अंगावर दाबला जाऊन तसा आकार घेत असावा. मेलबर्नच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये नेमकं उलटं मांडलं. आकार आधीच तयार असतात, प्रत्येक पेशीवर एकच. परका येतो आणि त्याला जुळणारी पेशी तेवढी वाढते. म्हणजे यादी नाहीच. जे येऊ शकेल त्या सगळ्यासाठी आकार आगाऊ बनवून ठेवायचे.

हे पटायला अवघड होतं, कारण माणसाच्या सगळ्या शरीरासाठी प्रथिनांची जनुकं आहेत वीस हजारांच्या आसपास. त्यांतून कोट्यवधी प्रतिपिंड कसे निघणार? उत्तर १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला मिळालं. सुसुमु तोनेगावा आणि त्यांचे सहकारी नोबुमिची होझुमी यांनी उंदराच्या गर्भातला डीएनए आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींतला डीएनए शेजारी ठेवून पाहिला. गर्भात जे तुकडे एकमेकांपासून लांब होते, ते प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत जोडलेले निघाले. मधला भाग कापून टाकलेला. पेशी आपलाच डीएनए कातरते आणि नव्यानं जोडते. आपल्या आनुवंशिक वारशाला हात लागत नाही अशी तोवर समजूत होती, आणि शरीर रोज त्याला कात्री लावतंय असं दिसलं. तोनेगावांना १९८७ चं वैद्यकाचं नोबेल एकट्याला मिळालं, आणि मला वाटतं तो अगदी योग्य निवाडा होता.

आता गुणाकार. माणसात प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी तुकड्यांचे तीन गट आहेत, साधारण ४०, २३ आणि ६. प्रत्येकातून एक उचलायचा: ४० × २३ × ६, म्हणजे ५,५२०. हलक्या साखळीच्या दोन जाती मिळून ३२० च्या आसपास जोडण्या. दोन्ही साखळ्या एकत्र धरल्या की सतरा लाख सहासष्ट हजार. शेदीडशे तुकड्यांतून एवढं निघतं हेच पुष्कळ आहे, पण खरी मजल सांध्यांवर मारली जाते. तुकडे जोडताना त्यांची टोकं थोडी कुरतडली जातात आणि मध्ये डीएनएची काही अक्षरं कुठल्याही नमुन्याविना, केवळ योगायोगानं घातली जातात. यात तीनपैकी दोन सांधे वाचताच येणार नाहीत असे बिघडतात आणि ते वाया जातात. जे टिकतात त्यांनी गणित बदलून जातं. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेनं २०१९ मध्ये दहा जणांच्या रक्तातले सुमारे तीन अब्ज प्रतिपिंड-क्रम वाचून अंदाज काढला की माणसाला एक मध्य ते दहा परार्ध इतके वेगवेगळे प्रतिपिंड बनवता येतात.

लीलावतीची माळ इथे संपते, आणि एक अडचणही समोर येते. पेशी आहेत दीड-दोन महापद्म, त्याही सगळ्या बी आणि टी नव्हेत. परार्धभर आकार त्यांत मावणार नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला शक्यतांच्या सागरातून एक ओंजळ येते, आणि प्रत्येकाची ओंजळ निराळी. स्क्रिप्सच्या त्या दहांपैकी कुठल्याही दोघांत सारखे निघालेले क्रम सरासरी एक टक्क्याच्या आसपास होते. एकसारख्या जुळ्या भावंडांतही हा साठा वेगवेगळा असतो.

योगायोगानं बनवलेल्या आकारांत धोका उघड आहे. काही आकार आपल्याच शरीराला जुळतील. टी पेशींची ती परीक्षा छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत होते, आणि तिथली गळती ऐकून मन थबकतं. तरुण उंदराच्या थायमसमध्ये रोज सुमारे पाच कोटी नव्या पेशी तयार होतात आणि दहा ते वीस लाख बाहेर पडतात. बाकीच्या आतच मरतात. काही निरुपयोगी म्हणून, काही घातक म्हणून. या चाळणीतूनही काही निसटतात, आणि संधिवात किंवा लहान मुलांचा मधुमेह यांची मुळं तिथवर जातात. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं सांगणाऱ्या जाहिराती मला म्हणूनच पटत नाहीत. ही एकाच दिशेनं वाढवायची गोष्ट नाही. शरीर बराचसा वेळ तिला आवरण्यात घालवतं.

इतका अफाट साठा असला, तर मग नव्या आजारात आपण आठवडाभर अंथरुणाला का खिळतो? कारण साठा प्रचंड असला तरी एका ठरावीक जंतूला जुळणाऱ्या पेशी अगदी मोजक्या असतात. उंदरात हे मोजून झालं आहे. कोट्यवधी टी पेशींत जंतूच्या एखाद्या ठरावीक तुकड्याला जुळणाऱ्या कधी वीस, कधी दोनशे. माणसात साधारण एक ते दहा लाखांत एक. आषाढीला पंढरपुरात जमलेल्या दहा लाखांतून एकच वारकरी शोधायचा, आणि त्याचं नाव-गाव काहीच ठाऊक नाही, असा हा शोध आहे.

तो चालतो लसिका गाठींत. अंगभर अशा पाचशे ते आठशे गाठी आहेत. पायाला जखम झाली की जांघेत दुखरं अवधाण येतं, ती हीच गाठ, आत गर्दी झाल्यानं सुजलेली. डेंड्रिटिक पेशी जखमेतून जंतूचे तुकडे उचलून तिथे आणते आणि अंगावर मांडते. टी पेशी मिनिटाला दहा-बारा मायक्रोमीटर वेगानं फिरत तिला चाचपून जातात. जिवंत उंदराच्या गाठीत सूक्ष्मदर्शकानं हे पाहिलं गेलं, तेव्हा एका डेंड्रिटिक पेशीला तासाला पाचशे ते पाच हजार टी पेशी भेटताना दिसल्या. जमलं नाही तर टी पेशी अर्ध्या-एक दिवसात ती गाठ सोडून दुसरीकडे जाते.

आणि जुळलं हे तिला किती खुणेवरून कळावं? तुकडे मांडणाऱ्या पेशीच्या अंगावर स्वतःच्याच प्रथिनांचे हजारो तुकडे मांडलेले असतात. त्या गर्दीत परका तुकडा एकच असला तरी टी पेशी प्रतिसाद देते. दहाच्या आसपास असले की ती पूर्ण जागी होते. स्टॅनफर्डमध्ये मार्क डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेनं हे २००२ मध्ये एकेक रेणू मोजून दाखवलं. या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत थक्क करणारा आकडा हा एकच वाटतो. परार्धाच्या बाजारात निवाडा होतो तो एका रेणूवर.

पुढे दुप्पटीचं गणित आपल्या बाजूनं फिरतं. जागी झालेली टी पेशी दिवसभर तयारी करते आणि मग आठ-आठ तासांनी विभागू लागते. पाच दिवसांत पंधरा दुप्पटी, एकीच्या ३२,७६८. बी पेशी वाढता वाढता आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात नेहमीच्या दहा लाख पट वेगानं बदल करतात आणि अधिक घट्ट जुळणाऱ्यांना पुढे ठेवतात. त्यांतून तयार झालेली प्लाझ्मा पेशी सेकंदाला दोन हजारांच्या घरात प्रतिपिंड सोडते, दिवसाला सतरा कोटींवर. बोटाला सुई टोचून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबात आयजीजी जातीचे प्रतिपिंड-रेणू भरतात एक अंत्य, म्हणजे एकावर पंधरा शून्यं.

आजार सरला की वाढलेल्या टी पेशींपैकी नव्वद ते पंचाण्णव टक्के मरून जातात. उरतात त्या स्मृतिपेशी. फेरो बेटांवर १८४६ मध्ये गोवर आला, तेव्हा सुमारे ७,८०० लोकांपैकी सहा हजार आजारी पडले. आधीची साथ १७८१ ची. डॅनिश डॉक्टर पेटर पानुम यांनी नोंदवलं की त्या जुन्या साथीत गोवर झालेली म्हातारी माणसं पासष्ट वर्षांनंतर सहीसलामत राहिली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झातून वाचलेल्या ३२ जणांचं रक्त नव्वद वर्षांनी तपासलं, वयं ९१ ते १०१. सगळ्यांच्या रक्तात त्या विषाणूची ओळख शाबूत होती.

ही ओळख पुसूही शकते. गोवराचा विषाणू नेमका स्मृतिपेशींत शिरतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासून २०१९ मध्ये दिसलं की इतर आजारांविरुद्ध कमावलेल्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग गोवरानं नाहीसा केला होता. वर्षानुवर्षं, एकेक ताप सोसून जमवलेली पुंजी एका आजारात जाते. लसीनं अशी हानी होत नाही. लस शोधाचे ते पहिले दिवस आधीच, सुरक्षितपणे उरकून घेते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. लस तेव्हाही मोफत होती. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान सरकारी आरोग्य केंद्रात मिळतो, आणि राहून गेला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. तुमच्या घरात, शेजारी किंवा ओळखीत एवढ्या वयाचं मूल असेल, तर त्याचं लसीकरणाचं कार्ड या आठवड्यात एकदा उघडून बघा आणि दोन्ही डोसांसमोर तारीख आहे ना, याची खात्री करा.