मोत्याच्या थाळीत काय वाढलंय?

हिंगोलीपासून जवळच नरसी आहे. परंपरेने हे संत नामदेवांचं जन्मगाव. नामदेवांच्या कथेतला कुत्र्याचा प्रसंग महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक असतो: कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, 'कोरडी खाऊ नकोस रे' म्हणत. सातशे वर्षं उलटली, तरी याच जिल्ह्यात आजही तोच विषय निघतो. कुत्र्याला तूप चालतं का? ज्वारीची भाकरी पचते का? का दुकानातली महागडी पिशवीच आणायची? ज्यांच्या घरी मोत्या, वाघ्या किंवा टॉमी आहे आणि त्याचं पोट वरचेवर बिघडतं, त्यांच्यासाठी ही सगळी माहिती. काही चकित करणारी, काही थेट उद्या सकाळी उपयोगी पडणारी.

तूप: निम्मं खरं, निम्मं खोटं

'कुत्र्याला तूप पचत नाही' असं सगळेच ठासून सांगतात. प्रत्यक्षात निरोगी कुत्रा अन्नातली ९० टक्क्यांहून जास्त चरबी पचवतो. बर्फावर घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना तर निम्म्याहून अधिक ऊर्जा चरबीतूनच दिली जाते. मग लोकांचं म्हणणं आलं कुठून? एकदम दिलेल्या तुपावरून. रोज कोरडं खाणाऱ्या कुत्र्याने लग्नाच्या पंगतीमागे तळणाचा फडशा पाडला की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग उलट्या होतात, खाणं सुटतं, पोट दुखतं म्हणून कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरून बसतो. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. चमचाभर तूप अधूनमधून ठीक, वाटीभर नको.

भाकरी खाणारे जनुक

लांडगा आणि कुत्रा यांच्यातला सगळ्यात सुंदर फरक पोटात दडलाय. स्टार्च पचवणारं अमायलेज स्वादुपिंडात तयार करणारं एक जनुक आहे. लांडग्यात त्याच्या साधारण २ प्रती असतात आणि कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत! स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी हे २०१३ साली 'नेचर'मध्ये मांडलं. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या उष्ट्यावर जगणारा कुत्रा आतून बदलत गेला. शेतकऱ्यांच्या सोबतीने वाढलेल्या जातींत या प्रती जास्त, तर बर्फाळ मुलखातल्या हस्कीत आणि ऑस्ट्रेलियाच्या डिंगोत कमी. म्हणजे सेनगाव-कळमनुरीच्या आखाड्यावर राखणीला असलेला कुत्रा भाकरी खातो, ती काही त्याच्यावर लादलेली नाही. हजारो वर्षांत त्याचं पोट तिला सरावलंय.

आणखी एक गंमत. कुत्र्याच्या लाळेत अमायलेज जवळजवळ नसतंच. आपण भाकरी चावली की तोंडातच गोड लागायला लागते, तसं त्याचं होत नाही. त्याचा जबडा आडवा हलत नाही, त्यामुळे तो दळत नाही, तोडतो आणि गिळतो. स्टार्चचं खरं काम लहान आतड्यात सुरू होतं. म्हणून धान्य नीट शिजलेलं हवं. अर्धकच्चा भात किंवा जाड, आतून ओली राहिलेली भाकरी पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. मग पोट गुरगुरतं.

ज्वारी की तांदूळ? ब्राझीलमध्ये २००८ साली सहा पिष्टमय पदार्थ दाण्यांच्या खाद्यात घालून कुत्र्यांना देऊन पाहिले. सगळ्यांतला ९८ टक्क्यांहून जास्त स्टार्च पचला. तांदूळ आणि कसावा पुढे, मका-ज्वारी मध्ये, वाटाणा आणि मसूर मागे. त्यामुळे पोट बिघडलेलं असताना मऊ भात आणि बिनमिठाचं, बिनचरबीचं उकडलेलं चिकन हा साधा आहार डॉक्टर सुचवतात, तो योग्यच. पोट ताळ्यावर आल्यावर ज्वारी पुन्हा सुरू करायला हरकत नाही.

मात्र पिल्लाला नुसती दूध-भाकरी घालून वाढवू नका. यावर माझं मत पक्कं आहे. भाकरीत प्रथिनं पुरेशी नाहीत, कॅल्शियम तर फारच थोडं. अशा पिल्लांचे पाय वाकतात आणि ते नंतर सरळ करणं अवघड जातं. त्यात बऱ्याच कुत्र्यांना मोठं झाल्यावर दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. दह्यात ती कमी असते. ज्याला दूध सोसत नाही, त्याला दोन चमचे साधं, बिनसाखरेचं दही देऊन पाहा.

सोयाबीनच्या जिल्ह्यात

हिंगोलीत खरिपाला सोयाबीन म्हणजे सोयाबीनच. सुगीत खळ्यावर दाण्यांचा सडा असतो आणि कुत्री तिथेच लोळत असतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. तो उष्णतेने निकामी होतो, म्हणून डॉग फूडमध्ये भाजून-शिजवून प्रक्रिया केलेली सोया पेंड वापरतात. तरी सोयात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा उरतात. त्या कुत्र्याला पचत नाहीत, आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू धरतो. कुत्रा घरात बसला की खिडकी उघडावी लागत असेल, तर पिशवीवर सोया पहिल्या तीन घटकांत आहे का ते बघा.

वसमतची हळद? अन्नात चिमूटभर पडली तर काही बिघडत नाही. पण तिने पोट सुधारतं म्हणून चमच्याने चारू नका. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं.

चंपाषष्ठीचा घास

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि कुत्र्यालाही घास घालतात, कारण कुत्रा खंडोबाचा. ही प्रथा मला फार प्रिय आहे. फक्त एवढंच करा: रोडगा द्या, भरीत नको. भरतातली कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला, वाळवून पूड केलेला, कुठलाही कांदा तसाच. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तात बदल घडवायला पुरतो. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, दोन मध्यम कांदे. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. जपानच्या अकिता आणि शिबा या जातींना हा धोका अधिक.

मनुका आणि द्राक्षं तर बंदच. कुत्र्याची मूत्रपिंडं त्यांनी का बिघडतात हे वर्षानुवर्षं कोडं होतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी बोट ठेवलं ते टार्टारिक आम्लावर. तेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच त्रास आढळला. उरलेली आंबट-गोड आमटी भाकरीवर ओतण्याआधी हे आठवावं.

कंदुरीची हाडं हा तिसरा धोका. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार सळ्या निघतात, त्या अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुततात. जी रुतत नाहीत, ती चुरा होऊन गुदाशयात दगडासारखी बसतात. जेवणावळ उठली की हाडं खड्ड्यात पुरा, कुत्र्यापुढे टाकू नका.

जहाजाच्या बिस्किटापासून

तयार डॉग फूड आलं कुठून? जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन १८६० च्या सुमारास इंग्लंडला गेला होता. बंदरावर कुत्री खलाशांची टाकलेली कडक बिस्किटं खाताना त्याने पाहिली आणि धान्य, भाज्या, मांस घालून कुत्र्यांची बिस्किटं काढली. त्याच्याकडे कामाला असलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ साली 'क्रफ्ट्स' हा जगप्रसिद्ध डॉग शो भरवला. आज मिळतात ते फुगीर दाणे १९५० च्या दशकात आले, नाश्त्याचे पदार्थ बनवणाऱ्या यंत्रातून. आणि आजारानुसार वेगळं खाद्य देण्याची सुरुवात? १९३९ मध्ये अमेरिकेत मार्क मॉरिस या पशुवैद्याने बडी नावाच्या मार्गदर्शक कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या आजारासाठी खास आहार तयार केला, त्यातून.

पिशवी उलटी करा

पुढच्या बाजूला चमकदार अंगाचा लॅब्रडॉर असतो. वाचायचं असतं ते मागे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव मका असेल तर त्यात सर्वांत जास्त मका आहे. 'चिकन मील' म्हणजे पाणी आणि चरबी काढून वाळवलेली पूड, त्यामुळे ती ताज्या चिकनपेक्षा कमी प्रतीची असतेच असं नाही. ताज्या मांसात बराचसा भाग पाणीच असतो.

आता टक्क्यांची मेख. ओल्या खाद्याच्या डब्यावर प्रथिनं ८ टक्के आणि ओलावा ८० टक्के. कोरड्या पिशवीवर प्रथिनं २२ टक्के, ओलावा १० टक्के. कोण वरचढ? पाणी वजा करा. डब्यात उरले २० भाग, त्यात ८ प्रथिनं, म्हणजे ४० टक्के. पिशवीत ९० भागांत २२, म्हणजे साडेचोवीसच्या आसपास. दिसतं त्याच्या नेमकं उलट! अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषानुसार पाणी वगळून मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के, तर वाढत्या पिल्लाला २२.५ टक्के प्रथिनं हवीत.

नाजूक पोटासाठी आणखी काही शब्द शोधा: बीट पल्प, चिकोरी, एफओएस, एमओएस. हे सगळं आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य. घरच्या घरी तेच काम लाल भोपळा करतो. उकडून, मीठ-मसाला न घालता, दोन-तीन चमचे. बद्धकोष्ठ असो वा पातळ शी, भोपळ्यातला तंतुमय भाग दोन्हीकडे मदत करतो.

'धान्यविरहित' असं छापलेली पिशवी मात्र निव्वळ त्या शब्दापायी घेऊ नका. डाळी-वाटाणे भरलेल्या अशा खाद्याचा आणि हृदयाच्या आजाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली होती. संबंध सिद्ध झाला नाही, पण निरोगी कुत्र्याला धान्य वर्ज्य करण्याचं कारणही कुणी सिद्ध केलेलं नाही.

आणि सुटं खाद्य? किलोवर मिळणाऱ्या खाद्याची तारीख कळत नाही, पोतं कधी उघडलं ते कळत नाही. हवा लागली की त्यातली चरबी खवट होते. पावसाळ्यात ओल धरली तर मक्यावर बुरशी येते, आणि तिच्या अफ्लाटॉक्सिनने यकृत निकामी होतं. २००५ मध्ये अमेरिकेत अशाच खाद्याने शंभराहून अधिक कुत्री दगावली. छोटी पिशवी घ्या, पण बंद घ्या.

बदल हळू, फार हळू

पोट बिघडण्याचं कारण पुष्कळदा वाईट खाद्य हे नसतंच, अचानक बदललेलं खाद्य हे असतं. आज ही कंपनी, उद्या ती, परवा बिर्याणी. आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती रोजच्या अन्नावर बेतलेली असते आणि तिला जुळवून घ्यायला वेळ लागतो. नवं खाद्य पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. सात ते दहा दिवस द्या. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे या. माझ्या मते हजार रुपये जास्त मोजण्यापेक्षा या दहा दिवसांचा फायदा मोठा आहे.

ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डसारखं मोठ्या छातीचं कुत्रं असेल तर दिवसाचं खाणं एकदम वाढू नका. दोनदा द्या आणि जेवणानंतर लगेच पळवू नका. पोट फुगून पिळा पडला तर काही तासांत जीव जातो. कोरड्या दाण्यांत पाणी १० टक्केच असतं, म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दाणे कोमट पाण्यात भिजवून द्या आणि सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर द्या.

शीचंही प्रगतिपुस्तक

प्युरिना या डॉग फूड कंपनीच्या तक्त्यात कुत्र्याच्या शीला १ ते ७ गुण आहेत. १ म्हणजे खडखडीत, ७ म्हणजे पाणी, आणि उत्तम म्हणजे २: आकार धरलेली, घट्ट पण कडक नसलेली, कागदाने उचलली तर जमिनीवर डाग फारसा न सोडणारी. खाद्य मानवतंय की नाही हे जाहिरात सांगत नाही, हा तक्ता सांगतो.

कुत्रा शीला बसताना गोल का फिरतो? चेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांच्या १,८९३ वेळा नोंदी घेतल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्री शरीर उत्तर-दक्षिण ठेवून बसणं पसंत करतात, असं त्यांनी २०१३ मध्ये मांडलं. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल हे गमतीशीर संशोधनासाठीचं पारितोषिक मिळालं.

गवत खातो म्हणजे पोट बिघडलंय, हीही समजूत तपासली गेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पाहणीत गवत खाण्याआधी आजारी वाटलेली कुत्री दहा टक्क्यांहून कमी निघाली. खाल्ल्यावर उलटी करणारीही एक चतुर्थांशाच्या आतच. फवारणी झालेल्या बांधावर मात्र त्याला गवत खाऊ देऊ नका.

दवाखाना कधी?

कितीही चांगलं खाद्य आणलं तरी पोटात जंत असतील तर सगळं वाया. पिल्लाला सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी आणि मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. शीमध्ये रक्त, सतत उलट्या, पोट फुगून नुसत्या कोरड्या ओकाऱ्या, किंवा लस न झालेल्या पिल्लाला घाण वासाची रक्ताची हगवण: यातलं काहीही दिसलं तर भात-चिकन करत बसू नका, जनावरांचा दवाखाना गाठा. तिथून पुढे पाठवलं तर शेजारच्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना दोन गोष्टी सोबत न्या: खाद्याच्या पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो आणि ताज्या शीचा नमुना स्वच्छ डबीत. डॉक्टरांचं निम्मं काम तिथेच होतं.