शेजार लाभलेले सूर

अनेकांची गाणी एकत्र बांधून काढलेल्या जुन्या रेकॉर्डींविषयी लिहा, असे संपादकांनी सुचविले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा स्मरणरंजनाचा एखादा हलकाफुलका लेख असावा. परंतु त्या निमित्ताने इलेक्ट्रो आणि टेक्नो या दोन यंत्रजन्य नृत्यसंगीतांचे आरंभीचे संग्रह ओळीने ऐकू लागल्यावर ध्यानात आले ते असे की, ज्या व्यवहाराला आपण निव्वळ दुकानदारी समजतो त्याच्याच पोटी कधी कधी एका समग्र संगीतप्रकाराचा जन्म दडलेला असतो.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटा आणि सोल सॉनिक फोर्स यांचे ‘प्लॅनेट रॉक’ निघाले आणि जर्मनीतील क्राफ्टवेर्क या वृंदाची थंड, रेखीव सुरावट न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील नाचाला जाऊन मिळाली. असल्या गाण्यांच्या बारा इंची तबकड्या इंग्लंडात आयात होत, पण त्या महाग पडत. तेव्हा मॉर्गन खान या गृहस्थांनी आपल्या ‘स्ट्रीट साउंड्स’ या संस्थेतर्फे १९८३ पासून ‘इलेक्ट्रो’ नावाची माला सुरू केली, आणि एका आयात तबकडीला जे दाम मोजावे लागे जवळजवळ त्याच दामात सात-आठ गाणी, तीही हर्बी लेडली यांनी एकात एक अखंड गुंफलेली, पोरांच्या हाती ठेवली. मालेतल्याच १९८४ च्या ‘यूके इलेक्ट्रो’ या संग्रहात तर मोठीच गंमत आहे: कव्हरवर निरनिराळ्या वृंदांची नावे असली तरी त्यांपैकी बहुतेक गाणी मँचेस्टरच्या ग्रेग विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच टोपणनावांनी रचली होती. ब्रिटिश इलेक्ट्रोचा संप्रदाय अद्याप पुरता उदयास आला नव्हता. संग्रहाने आधी त्याची हजेरी मांडली.

डेट्रॉइटचे प्रकरण याहून बोलके आहे. शहराबाहेरच्या बेलव्हिल गावी एकाच शाळेत शिकलेले हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तिघे तरुण, मोटारींचे कारखाने ओस पडत चाललेल्या त्या शहरात, सिंथेसायझरवर स्वतःच्या तबकड्या काढीत होते. पण ऐकणारा त्यांना शेजारच्या शिकागोतील ‘हाउस’ संगीताचीच एक शाखा समजे. बर्मिंगहॅमचे नील रश्टन यांनी डेरिक मे यांच्या साहाय्याने व्हर्जिन कंपनीच्या ‘टेन रेकॉर्ड्‌स’साठी संग्रह जुळवायला घेतला तेव्हा त्याचे योजलेले नावही ‘डेट्रॉइटचे हाउस’ याच अर्थाचे होते. इतक्यात अ‍ॅटकिन्स यांचे ‘टेक्नो म्युझिक’ हे गाणे येऊन दाखल झाले, आणि १९८८ साली संग्रह बाहेर पडला तो ‘टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉइट’ या नावाने. त्यातले सॉन्डरसन यांच्या ‘इनर सिटी’चे ‘बिग फन’ इंग्लंडात पहिल्या दहांत चढले. संग्रह मात्र कंपनीच्या अपेक्षेइतका खपला नाही. तथापि विखुरलेल्या तबकड्यांना एका छपराखाली शेजार मिळताच त्यांच्यातले साम्य प्रथमच कानाला जाणवले, आणि शिकागोच्या सरहद्दीत मोडणारा तो मुलूख स्वतंत्र झाला.

परंतु ज्याने मला खरोखर खिळवून ठेवले ते या साऱ्याच्या मुळाशी असलेले एक हट्टी यंत्र. रोलंड या जपानी कंपनीने १९८० साली काढलेले टीआर-८०८ हे ठेका धरणारे यंत्र मी उघड्या स्थितीत पाहिले ते मुंबईतल्या एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या टेबलावर. तळाशी सोळा बटणांची रांग: चार तांबडी, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी; आवर्तनाचे सोळा भाग म्हणजे ही सोळा बटणे, जे दाबावे तिथे आघात पडतो. आत खऱ्या ढोलाचा एकही ध्वनिमुद्रित नमुना नाही. मोठ्या ढोलासाठी एक विद्युत्‌मंडल सतत कंप पावण्याच्या अगदी अलीकडे रोखून धरलेले असते. त्याला क्षणिक विजेचा धक्का मिळाला की, घंटेला टोला बसावा तसे, ते घुमते आणि विरत जाते, आणि ते विरणे किती लांबवावे हे एका खुंटीच्या स्वाधीन असते. टाळीचा आवाज म्हणजे गाळून घेतलेली खरखर, पण ती लागोपाठ तुकड्या-तुकड्यांनी सोडलेली, म्हणून अनेक हात किंचित मागेपुढे पडल्याचा भास होतो.

रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी या यंत्रासाठी जाणूनबुजून सदोष ट्रान्झिस्टर खरेदी केले होते, कारण झांजेची ती विशिष्ट सळसळ त्या दोषातूनच उपजे. पुढे निर्मितीशास्त्र सुधारले, तसला दोष दुर्मीळ झाला, आणि सुमारे १२,००० नगांनंतर १९८३ मध्ये हे यंत्र बंद झाले. खऱ्या ढोलाची नक्कल न साधल्याने उपेक्षिलेले हे यंत्र मग जुन्या बाजारात स्वस्त झाले आणि ज्यांच्यापाशी पैसा नव्हता त्यांच्या हाती पडले.

याच यंत्राचा एक धागा आपल्या मुंबईशीही जोडलेला आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८ आणि त्याचे भावंड टीबी-३०३ हाताशी घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर बसविले, एच.एम.व्ही.ने ती रेकॉर्ड काढली आणि ती विस्मृतीत गेली. तिच्यातला घरघरता, वळणे घेणारा मंद्र स्वर पाचएक वर्षांनी शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून गाजला. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा छापली, आणि सिंग उतारवयात युरोपच्या रंगमंचांवर वाजवू लागले. कर्तृत्वात उणे काही नव्हते. उणे होते ते शेजाराचे, कारण मुंबईत तसल्या दुसऱ्या नऊ रेकॉर्डी नव्हत्या आणि त्या एकत्र बांधणारा रश्टनही नव्हता.

आता हे संग्रह पुन्हा उपलब्ध करून द्यायचे म्हटले की अडचणींची रांग लागते. संग्रह काढणाऱ्याकडे बहुधा गाण्यांची मालकी नसतेच. ती करारनाम्याने, ठरावीक मुदतीपुरती वापरायला मिळालेली असतात. मुदत सरली की परवानगी नव्याने मागावी लागते, आणि मागायची कोणाकडे? ऐंशीच्या दशकातल्या कैक छोट्या संस्था बुडाल्या, काही दुसऱ्यांनी गिळल्या, त्यांचे दप्तर गहाळ झाले, आणि दहांपैकी एका वारसाने नकार दिला तरी सारी मिसल तुंबते. इंटरनेटवरच्या याद्यांत मग चौथे गाणे नाही, सातवे नाही, असे दात पडल्यासारखे संग्रह दिसतात.

हक्क मिळाले तरी मूळ फीत साथ देईलच असे नाही. त्या काळच्या काही चुंबकीय फितींवरचा लेप हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. ती फीत यंत्रावर चढविण्यापूर्वी मंद उष्णतेत तासन्‌तास शेकावी लागते आणि मग काही आठवड्यांच्या आत उतरवून घ्यावी लागते. शिवाय खर्ज जितका दमदार तितकी तबकडीवरची खाच रुंद. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला एकच गाणे ऐसपैस बसे, पण संग्रहात एका बाजूला चार-चार बसविताना खर्ज आखडता घ्यावा लागे. आज सुटी गाणी शुद्ध स्वरूपात मिळवून, खर्ज भरून काढून, त्याच क्रमाने लावली तर ती निःसंशय अधिक चांगली वाजतील. पण १९८३ साली पोरांनी जे ऐकले ते हे नव्हे, आणि लेडली यांची गुंफण तर त्यात उरतच नाही.

मला अधिक धास्ती वाटते ती या सुधारणेची. पुनर्प्रकाशक हौसेने दुबळी गाणी वगळतो, पुढे नावारूपाला आलेल्यांची घालतो, टोपणनावांच्या जागी खरी नावे छापतो. परंतु १९८८ च्या संग्रहातले एखादे साधारण गाणेही त्या दिवशी डेट्रॉइटमध्ये कोण कोणाच्या शेजारी उभे होते याची साक्ष देते, आणि ‘यूके इलेक्ट्रो’वरची खोटी नावे हाच त्या संग्रहाचा सर्वांत खरा भाग आहे. तेव्हा जेवढ्या गाण्यांची मंजुरी मिळेल तेवढीच खुशाल छापावीत, पण गाळलेल्यांची नावे जुन्याच क्रमाने, ‘परवानगी मिळाली नाही’ अशा शेऱ्यासह कव्हरवर ठेवावीत. जन्मनोंदीच्या बुकातली ओळ खोडण्याचा अधिकार नव्या कारकुनाला नसतो.