हाली, कलदार आणि डॉलर

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचे खरेदीखत अजून पेटीत जपून ठेवलेले असेल, त्यांनी ते एकवार उघडून पाहावे. अक्षर मोडी किंवा उर्दू असेल. सन फसली असेल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास हाती लागतो. आणि किमतीच्या आकड्यापाशी कोणता रुपया, हाली की कलदार, हेही लिहिलेले आढळेल. शिक्षक मंडळींनी तर असा कागद वर्गात जरूर दाखवावा, गणिताला आणि इतिहासाला दोन्हींना उपयोगी पडेल.

हाली रुपया निजामाच्या हैदराबाद संस्थानचा आणि कलदार रुपया इंग्रजी मुलखाचा. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा हिशेब. शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. आता वैजापूरचा शेतकरी घ्या. त्याचे गाव संस्थानात आणि कोपरगाव इंग्रजी अमलात. कोपरगावकडे त्याला जमीन घ्यायची, तर पैसा हालीत कमावलेला आणि किंमत कलदारात द्यायची. सहाशेचा सौदा म्हटला तरी कंबरेच्या कशातून सातशे जाणार! कागदावर नुसते ‘रुपये सातशे’ लिहिले आणि शिक्का लिहायचा राहिला, तर उद्या भांडणात शंभर रुपयांचा फरक कोणी भरायचा? १९४८ साली संस्थान भारतात आले, पुढे काही वर्षे दोन्ही रुपये शेजारी शेजारी चालले आणि १९५९ पर्यंत हाली व्यवहारातून गेला. बट्ट्याची कटकट संपली, असे आपल्याला वाटले.

ती संपली नाही, लांब गेली एवढेच. आज गंगापूर-पैठणकडचा मुलगा दुबईला फिटर आहे, कन्नडची मुलगी अमेरिकेत संगणकाच्या कंपनीत आहे. दोघांनाही वाटते की गावाकडे आपले काही असावे. पैसा दिरहमात नाहीतर डॉलरात मिळतो आणि जमीन रुपयात मिळते. त्यातून वडिलांचा फोन जातो, “शेजारचं चार एकर निघालंय, पैसे पाठव, तुझ्या नावावर करून टाकू.” इथेच थांबायला हवे.

नोकरीधंद्यासाठी जो परदेशी राहायला गेला, तो परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीने अनिवासी भारतीय. हा कायदा १९९९ चा, अमलात आला १ जून २००० पासून. अनिवासी भारतीयाला भारतात घर घेता येते, दुकान घेता येते, अकृषक भूखंड घेता येतो. रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. परंतु शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन त्याला विकत घेता येत नाही. “पण आमचा मुलगा शेतकरीच आहे की, सातबाऱ्यावर नाव आहे त्याचं!” असे पुष्कळजण म्हणतात. नाव असू द्या. शेतकरी असण्याचा नियम कूळकायद्यातला आणि हा नियम चलनाच्या कायद्यातला. एकात पास झाला म्हणून दुसऱ्यात सुटत नाही. पासपोर्ट भारतीय असला तरी हेच, आणि परदेशी नागरिकत्व घेऊन ‘ओ. सी. आय.’ कार्ड काढले असले तरी हेच.

जाण्यापूर्वी जी शेती नावावर होती ती मात्र त्याचीच राहते. वारसाने किंवा मृत्युपत्राने आलेली शेतीही त्याला ठेवता येते. वडिलांनी हयातीत बक्षीसपत्राने शेती द्यायची म्हटली, तर ते चालत नाही. ती शेती पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला गेला म्हणजे सगळे बिनबोभाट झाले, ही समजूत घातक आहे. निबंधकाने मुद्रांक पाहिला, ओळख पाहिली. घेणारा कोठे राहतो आणि चलनाच्या कायद्यात तो कोण ठरतो, हे तपासायला तो बसलेला नाही. चूक दहा वर्षांनी, विकताना किंवा पैसे परत नेताना उघडी पडते. गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास आणखी एक खाचखळगा आहे, तो गुंठेवारीचा. दलाल ‘प्लॉट’ म्हणतो, दगड रोवलेले असतात, रस्ता आखलेला असतो. पण सातबारा काढून पाहावा तर जमीन अजून शेतीच, आणि घेणाऱ्याला मिळतो तो शेतातला चार-दोन गुंठ्यांचा हिस्सा. परदेशातल्या मुलाच्या नावे असा प्लॉट घेणे म्हणजे नकळत शेतजमीनच घेणे. म्हणून अकृषक परवानगीचा आदेश स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. दलालाच्या तोंडाने पाहू नये.

मग मुलाने बापाला पैसे पाठवावेत आणि बापाने आपल्या नावावर शेत घ्यावे, हे चालते का? चालते. मुलाने आईवडिलांना दिलेल्या देणगीवर आयकरही नाही. पण देणगी ती देणगी. नाव बापाचे, मालकी माझी, असा मनातला करार ठेवला तर तो व्यवहार बेनामी व्यवहारांच्या कायद्याखाली सापडू शकतो. शिवाय बापाच्या पश्चात मृत्युपत्र नसेल तर ते शेत सगळ्या भावाबहिणींत वाटले जाईल. पैसा एकट्याने घातला होता, हे त्या दिवशी कोण ऐकणार? घराघरांतले वाकडेपण पुष्कळदा इथूनच सुरू होते, म्हणून हे बोलणे पैसे पाठवण्याआधी झालेले बरे.

आता पैशाच्या वाटेकडे येऊ. घरासाठी वा भूखंडासाठी पैसा बँकेच्या वाटेनेच आला पाहिजे. एकतर परदेशातून थेट इथल्या बँकेत, किंवा अनिवासी माणसाच्या इथल्या खात्यातून. ही खाती मुख्यतः दोन जातींची. ‘एन. आर. ई.’ खात्यात बाहेरची कमाई येते आणि ती मोकळेपणी परत नेता येते. ‘एन. आर. ओ.’ खात्यात इथले उत्पन्न, म्हणजे भाडे, शेतीचा पैसा वगैरे जमा होते, आणि त्यातून बाहेर न्यायला मर्यादा आहे. मुलगा परदेशी गेला की त्याचे गावचे जुने बचत खाते तसेच चालू ठेवायचे नसते. बँकेला कळवून ते एन. आर. ओ. करून घ्यायचे असते. हे काम शेकडा किती जण करतात देव जाणे! खिशातून आणलेल्या परदेशी नोटा विक्रेत्याच्या हातावर ठेवून घर घेता येत नाही. आणि हवाल्याच्या वाटेने आलेला पैसा तर आलाच नाही असे समजा. त्याचा कागद कोठून आणणार?

पैसा परदेशातून आला की बँकेकडून त्याच्या आवकीचा दाखला घ्यावा. बँकेत त्याला ‘एफ. आय. आर. सी.’ म्हणतात. कोणी पाठवला, किती डॉलर, कोणत्या तारखेला, काय दराने किती रुपये झाले, कशासाठी, हे त्यातून कळते. रक्कम एन. आर. ई. खात्यातून दिली असेल तर त्या खात्याचा उतारा जपावा. जुन्या खरेदीखतावरच्या ‘हाली’ ह्या शब्दाचे काम आज हा दाखला करतो.

तो का जपायचा, हे एका हिशेबाने पाहू. समजा, २०१४ साली डॉलर सुमारे ६० रुपयांना असताना मुलीने ५० हजार डॉलर पाठवून इथे ३० लाखांचा फ्लॅट घेतला. २०२४ साली तो ६० लाखांना विकला. गावात म्हणतील, पैसे दुप्पट झाले! पण तोवर डॉलर सुमारे ८४ रुपयांचा झालेला. ६० लाखांचे होतात सुमारे ७१ हजार ४०० डॉलर. दुप्पट कुठे, दीडपटही नाही. आता ती रक्कम परत न्यायची. ज्या ५० हजार डॉलरांचा आवक दाखला आहे, तेवढे परकीय चलन आणलेले भांडवल म्हणून सरळ परत जाते. राहत्या घरांच्या बाबतीत ही सवलत दोनच घरांपुरती आहे. वरचा नफा एन. आर. ओ. खात्यात जातो आणि तेथून कर भरून, सनदी लेखापालाचा दाखला जोडून, वर्षाला दहा लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर नेता येतो. आवकीचा कागद हरवला तर मूळ भांडवलही ह्याच लांबच्या रांगेत उभे राहते.

उलट दिशेचाही प्रश्न येतो. लेकीला परदेशात घर घ्यायला बापाने इथून मदत करावी का? वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. बँकेत ‘ए-टू’ नावाचा अर्ज, पॅन क्रमांक आणि कारण द्यावे लागते, आणि मोठ्या रकमेवर बँक आगाऊ कर वसूल करते. तो पुढे आयकराच्या विवरणपत्रात वळता होतो.

इथे राहणाऱ्या खरेदीदारांनीही एक लक्षात घ्यावे. अनिवासी माणसाकडून घर घेतले तर त्याला द्यायच्या पैशातून आयकर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. नेहमीच्या व्यवहारात पन्नास लाखांपासून पुढे जो एक टक्का कापतात, तो दर इथे लागू नाही. कापायची रक्कम पुष्कळ मोठी असते. विक्रेता लाख म्हणो, “एक टक्काच कापा”. न कापलेला कर खात्याकडून पुढे तुमच्याकडेच मागितला जाईल. म्हणून इसार देण्याआधीच लेखापालाला विचारावे, कारण कर इसाराच्या रकमेतूनही कापावा लागतो.

आणि मुलगा दस्ताच्या दिवशी येऊ शकत नसेल तर तो कुलमुखत्यारपत्र पाठवील. ते तेथल्या भारतीय वकिलातीपुढे सही करून साक्षांकित केलेले असावे, किंवा तेथल्या नोटरीपुढे करून त्यावर त्या देशाच्या सरकारचा ‘अपोस्टिल’ शिक्का घेतलेला असावा. टपालाने ते महाराष्ट्रात पोहोचले की तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरून घ्यावा लागतो. पाकिटावरची टपालाची तारीख म्हणून फाडू नका. कागद केव्हा आला, हे सांगायला तेवढाच पुरावा हाताशी असतो.