बाळाच्या वाटीतली कणी

उष्टावण झालं, वाटीतली खीर बाळाच्या ओठाला लागली, की दुसऱ्या दिवसापासून घरातल्या मिक्सरचं काम वाढतं. मऊ भात, मुगाची डाळ, गाजर, लाल भोपळा, सगळं एकत्र फिरवून त्याची गुळगुळीत पेस्ट करायची. काही घरांत ती वर गाळणीतूनही जाते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत यात काही चूक नाही. तोवर बाळाची जीभ फक्त पुढे-मागे हलत असते, आणि चमच्यावरचं घशाकडे न्यायचं कसं हेच तिला शिकायचं असतं. अडचण होते ती हाच मिक्सर नवव्या, दहाव्या, कधी पंधराव्या महिन्यापर्यंत चालू राहतो तेव्हा. बाळाला काय द्यावं यावर घरोघरी पुष्कळ बोललं जातं, पण ते किती बारीक करावं यावर जवळजवळ नाहीच. माझ्या मते पहिल्या वर्षात दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि सातव्या महिन्यापासून अन्न मुद्दाम भरड करत नेलं पाहिजे.

आपल्याकडच्या खिमटीत ही सोय आधीपासूनच आहे. तांदूळ धुऊन, कापडावर पसरून सावलीत खडखडीत वाळवायचे आणि दाणा फुलून पांढरा होईपर्यंत मंद आचेवर भाजायचे. मुगाची डाळ वेगळी भाजायची, खमंग वास सुटेपर्यंत, कारण दोन्हींना लागणारा वेळ सारखा नसतो. शेवटी कढईच्या उरल्या गरमीवर थोडं जिरं. दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ हे प्रमाण चांगलं. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळायचं, नाहीतर वाफ धरून पीठ लवकर खराब होतं. खरा निर्णय यानंतर येतो. पिठाच्या चाळणीतून खाली पडतं ते सहाव्या महिन्याचं. वर रव्यासारखं उरतं ते बहुतेक जण पुन्हा मिक्सरमध्ये टाकतात. ते तसंच वेगळ्या डब्यात भरून ठेवावं, सातव्या महिन्यात तेच लागणार असतं. त्यानंतर आणखी भरड कणी, आणि नवव्या महिन्याच्या सुमाराला न दळलेल्या डाळ-तांदळाचा गुरगुट्या भात, डावाच्या पाठीने हलका घोटलेला. जिन्नस तेच, वास तोच, वर चमचाभर तूपही तेच. बदलतो तो फक्त कण. त्यामुळे बाळाला एका वेळी एकाच नव्या गोष्टीशी जुळवून घ्यावं लागतं. याउलट आज पेस्ट आणि उद्या अचानक पोळीचा तुकडा दिला, तर बाळ तो थुंकणार हे उघड आहे, आणि त्यावरून ‘याला घट्ट आवडतच नाही’ असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे.

‘दात नाहीत, चावणार कशाने?’ हा पहिला आक्षेप. पण चावण्याचं काम दाढांचं, आणि दाढा बहुतेक मुलांना वर्ष उलटल्यावर येतात. पुढचे चार दात आले म्हणून चावण्यात फार फरक पडत नाही, ते तोडायच्या कामाचे. तोवर हिरड्याच दाढांचं काम करतात, आणि त्या चांगल्या टणक असतात; बाळाच्या तोंडात बोट घातलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. मऊ कणी तोंडात गेली की जीभ तिला कडेला, हिरडीकडे ढकलते आणि जबडा वर-खाली होतो. जिभेची ही आडवी हालचाल सवयीने पक्की होते. गुळगुळीत पेस्ट जिभेकडून तिची मागणीच करत नाही, ती सरळ घशात उतरते. कुठला घास हिरड्यांना झेपेल याची परीक्षा सोपी आहे: अंगठा आणि तर्जनीत दाबल्यावर सहज चिरडला गेला, तर झेपेल.

इंग्लंडमध्ये एव्हन परिसरात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या हजारो मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. ज्यांना गाठी असलेलं अन्न दहाव्या महिन्यानंतर प्रथम मिळालं, ती मुलं सव्वा वर्षाची असताना जेवायला अधिक त्रास देणारी निघाली, आणि सातव्या वर्षीही भाज्या-फळं कमी खाणारी. यावर रास्त शंका निघते: मुळातच खाताना त्रास देणाऱ्या बाळांनाच आयांनी गाठी उशिरा दिल्या असतील. असेल. अशा निरीक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण वर सांगितलेली जिभेची गोष्ट आणि ही आकडेवारी एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि वेळेवर कणी देण्यात तोटा काही नाही.

तोटा आहे, घास अडकला तर, असं म्हणणाऱ्यांची भीती मी हलकी मानत नाही. परंतु उबळ येणं आणि श्वास कोंडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा महिन्यांच्या बाळाची उबळ जिभेवर बरीच पुढे असते. घास जरा मागे सरकला की ते जीभ बाहेर काढतं, खोकतं, लाल होतं, डोळ्यांत पाणी आणतं आणि घास पुढे ढकलतं. ही त्याची राखणदारी आहे, आणि महिन्यागणिक ती मागे सरकत जाते. श्वास कोंडलेलं बाळ मात्र आवाज करू शकत नाही. रंग निळसर पडू लागतो, तेव्हा पाठीवर थाप द्यायची ती कशी, हे घरातल्या प्रत्येकाने बालरोगतज्ज्ञांकडून आधीच शिकून घ्यावं. न्यूझीलंडमध्ये सुमारे दोनशे कुटुंबांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घासाचा आकार आणि मऊपणा नीट समजावून देऊन हाताने खाऊ दिलेल्या बाळांचा श्वास चमच्याने भरवलेल्यांपेक्षा जास्त वेळा कोंडला नाही. धोका आहे तो शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, सफरचंदाच्या कडक फोडी यांत. या वस्तू मोठी माणसं सहज हातावर ठेवतात, आणि गुरगुट्या भाताला मात्र घाबरतात.

आता पातळपणाबद्दल. वरणावरचं पाणी बाळाला पचायला हलकं, म्हणून चांगलं, अशी समजूत अजून जोरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सहा ते आठ महिन्यांच्या, आईचं दूध पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, आणि सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम दोनशे मिलिलिटर मावतं. ती जागा पाण्याने भरली तर बाळ भरल्या पोटी उपाशी राहतं. चमचा तिरका केल्यावर अन्न ओघळून न जाता त्याला धरून राहिलं पाहिजे, एवढा घट्टपणा हवा. शिवाय पातळ वरणात मोकळी शितं हा बाळासाठी सगळ्यात अवघड प्रकार: पाणी गिळायला जीभ एक करते, शीत चिरडायला दुसरं, आणि दोन्ही एकदम आलं की ते गडबडतं. शितं डाळीत घोटून एकजीव केली की तेच बाळ तोच भात बिनतक्रार खातं. नाचणीचंही असंच. ती साधी शिजवली तर घट्ट होऊन बसते आणि मग पाणी वाढवावं लागतं. मोड आणून, वाळवून, दळलेल्या नाचणीत मोडांमुळे पिष्ट सुटं होतं, म्हणून कमी पाण्यात जास्त पीठ बसतं.

वेळ नाही, पाळणाघरात पेस्टच चालते, हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. एक घास दोन मिनिटं घोळवणाऱ्या बाळासमोर रोज बसणं कामावर जाणाऱ्या बाईला सोपं नाही, आणि हे काम फक्त तिचंच का, हाही प्रश्न आहेच. मोबाइल लावून पेस्ट भरवली की वाटी पाच मिनिटांत रिकामी होते, पण तोंडात काय आलं याकडे बाळाचं लक्षच नसतं. अशी मुलं पुढे दूध आणि बिस्किटांवर अडतात, आणि दुधात लोह नगण्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत. पण पालेभाजी, डाळ, अंडं, मासा खाऊ शकणारं तोंड तयार होणं हा त्यावरच्या उपायाचा भाग आहे. तिन्ही जेवणं जमत नसतील तर दिवसातलं एक तरी पेस्टविना द्या, आणि पाळणाघराच्या डब्यात घोटलेली खिचडी पाठवून ‘फिरवू नका’ असं स्पष्ट सांगा. बाळाने पहिल्यांदा थुंकलं तर दोन दिवसांनी पुन्हा द्या. आठ-दहा वेळा नाकारून मग खाणं हे नेहमीचंच आहे. मात्र दहाव्या महिन्यानंतरही प्रत्येक कणीला उलटी होत असेल, खाताना वारंवार ठसका लागत असेल किंवा वजन थांबलं असेल, तर घरी प्रयोग करत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाकीच्यांनी उद्याची खिचडी मीठ-तिखट घालण्याआधी वाटीभर बाजूला काढावी आणि चमच्याच्या पाठीने घोटावी.