पथ्य आणि रुग्णाचे म्हणणे

काही मुले पोटभर अन्न मिळूनही खंगत जातात. त्यांना वारंवार जुलाब होतात, पोट फुगते व वाढ खुंटते. या विकारास सीलिॲक रोग म्हणतात. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली त्याचे वर्णन केले व योग्य आहार हाच त्यावरील उपाय असावा, असे सुचविले. परंतु दोष कोणत्या अन्नात आहे, हे पुढे कित्येक वर्षे कळले नाही.

तो उलगडा हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी केला. आहारातून पाव वगळला की मुलाच्या अंगावरील पुरळ झपाट्याने कमी होते, असे एका आईने त्यांना सांगितले. डिके यांनी हे म्हणणे झिडकारले नाही. गहू वर्ज्य करून त्यांनी प्रयोग केले आणि १९५० साली उत्रेख्त विद्यापीठातील प्रबंधात गव्हाचा संबंध दाखवून दिला. गव्हातील ग्लुटेनमुळे अशा रुग्णांच्या लहान आतड्याचे अस्तर बिघडते व अन्नरसाचे शोषण नीट होत नाही.

म्हणून रुग्णाने आहार व त्रास यांची रोजची नोंद डॉक्टरांना दाखवावी. मात्र तपासणीपूर्वी गहू सोडू नये. सोडल्यास रोग तपासणीत न दिसण्याचा संभव असतो. निदान झाल्यावर गहू, जव व राय आयुष्यभर वर्ज्य करावी लागतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी व मका चालतात. परंतु त्यांत गव्हाचे पीठ मिसळलेले नसावे. नोंद न पाहताच कोणी त्रास काल्पनिक ठरविल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घेण्यास संकोचू नये.