विद्यापीठात तोफांचा अभ्यास

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा संगणकावरचा खेळ १९९९ साली आला आणि आजही जगभर खेळला जातो. सुरुवातीला हाताशी मोजके गावकरी असतात. तिथून युगं चढत जायची. सरंजामी युगात जायला ५०० अन्न लागतं, किल्ल्यांच्या युगाला ८०० अन्न व २०० सोनं, साम्राज्ययुगाला १००० अन्न व ८०० सोनं. एक गावकरी ५० अन्नाला पडतो. म्हणजे पहिलीच पायरी दहा गावकऱ्यांच्या मोलाची. शेतावर राबणारे दहा हात सोडून युग का विकत घ्यायचं? कारण शेजारी आधी वर चढला, तर त्याचे घोडेस्वार आपल्या दारात उभे राहतील. इथे प्रगतीची घाई कुतूहलाची नाही, धास्तीची आहे.

या खेळातलं विद्यापीठ मुद्दाम पाहावं. तिथे धावत्या शत्रूवर नेम धरायला शिकवतात. रसायनशास्त्र आहे, पण ते बाणांचा मारा वाढवण्यासाठी आणि तोफांची वाट मोकळी करण्यासाठी. तटबंदी आहे, जंग्या आहेत. बांधकाम लवकर उरकणारी एक यारी तेवढी लढाईबाहेरची म्हणायची. पिकांची फेरपालट गिरणीत शिकता येते हे खरं, पण तिथलं जास्तीचं धान्यही शेवटी बहुधा सैन्याच्याच पोटात जातं!

सिड मायर यांच्या १९९१च्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये अंतराळयान धाडून, दिग्विजय न करताही जिंकता येतं. तरी शत्रूचं शहर घेतलं की त्याची, आपल्याकडे नसलेली एखादी विद्या आयती पदरात पडते. वर्षानुवर्षं ग्रंथालयं बांधणाऱ्याला हा अन्यायच वाटावा.

युद्धामुळे विद्या येते, हे सर्वस्वी खोटं नाही. २००९च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये १७०० सालापासून मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. प्रत्यक्षातल्या त्या शतकात इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण १७६१ला पानिपतावर उभी होती. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून डी बॉयनकडून तशाच पलटणी उभ्या करून घेतल्या, आग्र्याला तोफा ओतवल्या. हे सारं रणांगणाच्या गरजेतूनच आलं.

फरक पुढे आहे. खेळात शत्रूने विद्यापीठ जाळलं, तरी शिकलेली विद्या डाव संपेपर्यंत आपलीच राहते. शिंद्यांची विद्या मात्र माणसांत होती, आणि ती माणसं पगारी होती. १८०३ला इंग्रजांशी युद्ध जुंपल्यावर डी बॉयनच्या जागी आलेला पेराँ आणि बरेच युरोपीय अधिकारी दौलतराव शिंद्यांची चाकरी सोडून गेले. लासवारीला पलटणी तरीही चिवटपणे लढल्या. पण कवायत शिकवणारे बहुतेक उरले नव्हते आणि नवे घडवायला तेवढी उसंत कंपनीने दिली नाही.